दारावरची पाळी

चिरंजीव,

प्रभूमध्ये सलाम.

इंग्लंडातल्या तुझ्या पॅरिशच्या रोट्यावर, म्हणजे पाळ्यांच्या यादीवर, तुझं नाव लागलं, पहिल्या पाळीला अजून दोन रविवार आहेत, आणि ‘दारात उभं राहून हसायचं एवढंच ना?’ असं तू विचारलं आहेस. हसायला हरकत नाही, पण तेवढ्यासाठी कुणी रोटा करत नाही. साइड्सपर्सनचं, म्हणजे दारात स्वागत करून जागा दाखवणाऱ्याचं, काम एका वाक्यात सांगते: नव्या माणसाला कसलाच अंदाज बांधावा लागू नये. कुठून आत जायचं, कुठे बसायचं, हातातल्या तीन पुस्तकांपैकी कुठलं उघडायचं, वेदीच्या कठड्यापाशी जायचं की नाही, दानाची पिशवी आली तर काय करायचं, मागचा चहा फुकट आहे का. लहानपणापासून तिथे येणाऱ्यांना हे प्रश्न दिसतच नाहीत. तुला अजून दिसतात. सहा महिन्यांनी तुलाही दिसेनासे होतील, म्हणून आत्ताच एका कागदावर उतरवून ठेव.

आपल्याकडे मंडळी म्हटलं की नाव नोंदवलेली कुटुंबं डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडात पॅरिश म्हणजे आधी जमिनीचा तुकडा. असे साडेबारा हजारांच्या आसपास पॅरिश आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक घर कुठल्या तरी पॅरिशच्या हद्दीत पडतं. त्या हद्दीत राहणारा माणूस वर्षभर चर्चकडे फिरकला नसला तरी लग्नासाठी, मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी, आईच्या अंत्यविधीसाठी तिथे येतो, आणि हक्कानं येतो. त्यामुळे त्याच्याशी यजमानाच्या थाटात बोलू नकोस. चर्च त्याचंही आहे, फक्त आतली वहिवाट त्याला माहीत नाही.

सुरुवात दारापासूनच करू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. जुन्या चर्चचं दार जाड ओकचं असतं आणि त्याला मूठ नसून लोखंडी कडं असतं. कडं फिरवलं की आतली खिट्टी उचलली जाते आणि मग दार ढकलायचं. नवखा माणूस कडं हातात धरून दार ढकलतो, दार हलत नाही, कुलूप आहे असं समजून तो परत फिरतो. आत साठ माणसं बसलेली असतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दार बंद ठेवतात ते थंडीमुळे. उंच छपराची दगडी इमारत तापायला काही तास लागतात आणि गॅसचं बिल चर्चच्या खजिनदाराची झोप उडवतं. म्हणून मधला मार्ग काढायचा. उपासनेआधीची वीस मिनिटं दार पाचर लावून उघडं ठेवायचं आणि दोघांपैकी एकानं बाहेर पोर्चमध्ये उभं राहायचं. उपासना सुरू झाली की दार लावून आतल्या बाजूला कडेची खुर्ची घ्यायची. कडं खडखडलं की उठून आतून उघडायचं. आणि खिट्टी दोन बोटांनी धरून हळूच खाली सोडायची. ती आपोआप पडली तर पापकबुलीच्या शांततेत बंदुकीसारखा आवाज होतो, अख्खी मंडळी वळून बघते, आणि उशिरा आलेला तो माणूस पुढच्या रविवारी येत नाही.

दहाची उपासना असेल तर नऊ वीसला पोहोच. त्या चाळीस मिनिटांत करायची कामं बरीच आहेत. गीतांच्या क्रमांकांची पाटी ऑर्गनवादकाच्या चिठ्ठीशी पडताळून बघ. एक आकडा चुकला तर निम्मी मंडळी एक गीत शोधते आणि ऑर्गन दुसरंच वाजवतो. त्या दिवसाची पुस्तिका कोणती हे व्हिकरला, म्हणजे पॅरिशच्या पाळकाला, विचार. लेंटची (ईस्टरआधीच्या उपवासकाळाची), ईस्टरची आणि साध्या काळाची पुस्तिका वेगळी असते, आणि काही ठिकाणी सकाळी आठची उपासना १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातून तर दहाची २००० सालापासून चालत आलेल्या ‘कॉमन वर्शिप’मधून होते. आठचे गठ्ठे दहाच्या टेबलावर राहिले की गोंधळ ठरलेला. मोठ्या टायपातल्या चार-पाच प्रती वरच ठेव, मागाव्या लागतील अशा खाली दडपू नकोस. म्हातारी माणसं मागायला लाजतात.

लूप, म्हणजे आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचवणारी यंत्रणा, चालू आहे का तेही बघ. ते चालतं मायक्रोफोनवर. नेमका बायबलवाचन करणारा धिप्पाड गृहस्थ ‘माझा आवाज मोठा आहे, मला माइक नको’ म्हणतो, आणि यंत्र ‘टी’ वर लावून बसलेल्या तीन आजींना शुभवर्तमानाचा एक शब्दही मिळत नाही. त्याला आधीच गोड शब्दांत सांग: माइक तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी आहे.

आता बसवणं. पहिल्यांदा आलेल्याला पुढच्या बाकावर बसवू नकोस. ते मानाचं वाटतं, पण तिथे पुढे बघून नक्कल करायला कुणी नसतं. उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, हे माणूस समोरच्याची पाठ बघून शिकतो. चौथ्या-पाचव्या रांगेत, कडेला, एखाद्या ठरलेल्या कुटुंबाच्या मागे जागा दे. कडेला अशासाठी, की नको वाटलं तर त्याला कुणाचे गुडघे न ओलांडता निघता यावं. निघता येईल अशी जागा मिळालेला माणूस जास्त वेळ बसतो. चाकाच्या खुर्चीवरचं माणूस एकटं शेवटी खांबामागे नको. एखाद्या बाकाचा तुकडा कापून तशी जागा केलेली असते, तिच्या शेजारी सोबतीला बसायलाही जागा लागते. ‘ही माझी जागा’ म्हणणारे जुने लोक भेटतीलच. चाळीस वर्षं तिथे बसलेल्या बाईंना उठवण्यात शौर्य नाही. त्यांना आधी विचार, ‘आज यांना तुमच्या शेजारी बसवू का?’ बहुतेक वेळा बाई खूश होतात, आणि पुस्तकाचं पानही त्याच उघडून देतात.

प्रभुभोजनाच्या उपासनेत तुझ्याकडे एक मोजणीचं काम येतं आणि त्यात चूक लगेच उघडी पडते. अर्पणाच्या गीताआधी किती जण प्रभुभोजन घेतील याचा आकडा वेदीपर्यंत पोहोचवायचा असतो. वेफर, म्हणजे प्रभुभोजनाच्या भाकरीच्या पातळ चकत्या, तेवढे मोजून ठेवतात, कारण पवित्र केलेली भाकर आणि द्राक्षारस, आजाऱ्यांसाठी राखून ठेवलेला भाग सोडला तर, तिथेच संपवावा लागतो. आकडा फुगवून सांगितलास तर शेवटी पाळकाला उरलेला प्याला संपवत बसावं लागतं. कमी सांगितलास तर वेफरचे अर्धे, मग चतकोर तुकडे करावे लागतात. गायकवृंद आणि वेदीवरचे सेवक मोजायचे राहून जातात. मुलांच्या वर्गातून मुलं ऐन वेळी परत येतात, ती एकतर दोनदा मोजली जातात किंवा मुळीच नाही. पहिल्या गीताच्या वेळी मागून रांगेनं मोज, उशिरा येणारे दारात वेगळे मोज, आणि मग बेरीज कर. उपस्थिती आणि प्रभुभोजन घेणारे हे दोन वेगळे आकडे आहेत. दोन्ही उपासनेच्या नोंदवहीत जातात, आणि ऑक्टोबरात देशभर होणाऱ्या मोजणीतही तेच वापरतात.

प्रभुभोजन कोण घेऊ शकतं हे तुला विचारतील. तिथला नियम सांगतो तसं सांगायचं: त्रैक्य मानणाऱ्या कुठल्याही चर्चचा बाप्तिस्मा झालेला, आणि तिथे प्रभुभोजन घेणारा माणूस घेऊ शकतो. बाकी कुणीही, तुझी हिंदू मैत्रीणही, कठड्यापाशी येऊन आशीर्वाद घेऊ शकते. हात छातीवर आडवे धरायचे किंवा पुस्तिका हातात ठेवायची, की पाळकाला कळतं. जागेवर बसून राहिलं तरी चालतं, हे मात्र आवर्जून सांग. ते कुणी सांगत नाही, आणि सगळी रांग उठली की एकटं बसून राहणाऱ्याला उगाच अपराधी वाटतं. दारू टाळणाऱ्यांसाठी: नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण होतं. ग्लुटेन न चालणाऱ्यांचे वेफर वेगळ्या डबीत असतात. ते मोठ्या ताटलीत मिसळले तर भुग्यामुळे उपयोगच उरत नाही. असं कुणी आलंय हे उपासना सुरू व्हायच्या आधी पाळकाच्या कानावर घाल. कठड्यापाशी सांगायला उशीर झालेला असतो.

शांती देण्याच्या वेळी सगळे उठून हात मिळवत फिरू लागतात. नवख्याला ही धक्काबुक्की वाटू शकते. तू त्याच्यापाशी जा, दोन हातांवर थांब, मान लवव. त्यानं हात पुढे केला तर मिळव. नमस्कार केलास तरी कुणाला वावगं वाटत नाही.

दानाविषयी तोंड सांभाळून. नव्या माणसाला गिफ्ट एडचं पाकीट पुढे करू नकोस. ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्यानं पाकिटावर सही केली तर प्रत्येक पौंडामागे चर्चला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात, हे खरं. पण ज्यानं तेवढा करच भरलेला नाही, त्याच्या गळ्यात तो फरक पडू शकतो. आपल्याकडून शिकायला आलेली मुलं दिसेल त्या फॉर्मवर सही करतात, त्यांना थांबव. सुटे पैसे वाया जात नाहीत. ३० पौंडांपर्यंतच्या लहान रोख किंवा टॅप करून दिलेल्या दानावरही, वर्षाची मर्यादा धरून, चर्चला वेगळी योजना लागू होते. ते खजिनदाराचं काम आहे. मोजायला मात्र नेहमी दोघं, एकमेकांच्या नात्यातले नकोत, आणि दोघांची सही. कुणावर अविश्वास म्हणून हा नियम नाही. उद्या आकड्यात फरक निघाला तर एकट्या माणसाकडे स्वतःला वाचवायला काहीच नसतं.

आता चहा. खरं स्वागत तिथेच जमतं किंवा फसतं, आणि ते फसण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे पाण्याची मोठी टाकी. वीस लिटरची टाकी उकळायला पाऊण तास तरी लागतो. ती उपासनेच्या मध्यात लावली तर मध्यस्थीच्या प्रार्थनेत घरघरायला लागते. प्रवचनानंतर लावली तर उपासना संपल्यावर लोक कोमट पाण्याकडे बघत उभे राहतात आणि घरी जातात. सुरुवातीलाच उकळून घे, मग मंद ठेव. साधं दूध, ओटचं दूध, कॅफिन नसलेली कॉफी, आणि मुलांना सरबत. घरून आणलेल्या केकपुढे त्यात काय घातलंय याची चिठ्ठी हवी. शेंगदाणे, बदाम-काजू, अंडं, दूध, गहू यांचा उल्लेख हवाच. तू करंज्या नेशील तेव्हाही चिठ्ठी लाव, आणि सारणात काजू असतील तर ते मोठ्या अक्षरात.

चर्च संपल्यावर पहिली तीन मिनिटं ठरलेल्या लोकांनी आपसात बोलायचं नाही, असा अलिखित नियम काही पॅरिशमध्ये आहे. तो तुमच्याकडे नसेल तर तू एकटीच पाळ. नवा माणूस कप हातात घेऊन भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या वाचू लागला, की समज, त्याच्याकडे दोनच मिनिटं उरली आहेत. त्या पाट्या कुणी आवडीनं वाचत नाही. जवळ जा, पण ‘तुम्ही मूळचे कुठले?’ नं सुरुवात नको. तो प्रश्न तुलाही किती वेळा विचारला गेला असेल. आपली लग्न-पगार-मुलं ही प्रश्नमालिकाही घरी ठेव. ‘आज पहिल्यांदाच?’ हेही बेताचंच. समोरचा दोन वर्षं आठच्या उपासनेला येत असेल तर दोघांचीही पंचाईत. ‘आपली याआधी भेट झाल्याचं आठवत नाही, मी अमुक’ एवढं पुरतं. मग त्याला तिसऱ्या माणसाशी जोडून दे: तो बागकाम करतो तर फुलांची सजावट करणाऱ्यांशी, गणितात रमणारा असेल तर घंटा वाजवणाऱ्यांशी. घंटा वाजवणं हे तिथे खरोखर आकड्यांचं काम आहे. सूर नसतो, क्रम असतो. पाच घंटांचे १२० वेगवेगळे क्रम होतात, सातांचे ५,०४०. दोर ओढायला ताकद फारशी लागत नाही, पण शिकवणारा शेजारी उभा असल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही. वेळेवर न सोडलेला दोर माणसाला उचलून आपटतो.

दुसऱ्या रविवारी नाव लक्षात ठेवलंस तर उत्तम. मात्र त्याचा फोन नंबर घेऊन थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात टाकणं, हा आपला लाडका उपकार तिथे करू नकोस. कार्डावर त्यानं स्वतः लिहून, कशासाठी संपर्क चालेल तिथे खूण करून दिलं तरच.

काही रविवार वेगळेच असतात. लग्न ठरलेली जोडपी बॅन्स, म्हणजे लग्नाची जाहीर घोषणा, ऐकायला येतात. ती तीन रविवारी वाचली जाते आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत लग्न व्हावं लागतं. मागच्या बाकावर हात धरून बसलेलं अनोळखी जोडपं दिसलं तर बहुधा तेच. आपलं नाव वाचलं जाताना त्यांच्याकडे बघून हसणारं एक तरी तोंड हवं, आणि चहाला थांबवणारं एक. (दोघांतलं कुणी परदेशी नागरिक असेल तर वाट वेगळी आहे. सल्ला देऊ नकोस, व्हिकरकडे पाठव.) बाप्तिस्म्याला चाळीस पाहुणे येतात आणि त्यातले पंधरा दहा मिनिटं उशिरा, बाळगाडीसकट. कुंडाजवळच्या दोन रांगा राखून ठेव, बाळगाड्यांना जागा कर, आणि बाळ बदलायची खोली कुठे हे दारातच सांग.

सर्वांत धोक्याचा दिवस मात्र क्रिस्टिंगल, म्हणजे मुलांनी संत्र्यात खोचलेली मेणबत्ती धरायची उपासना. १७४७ साली जर्मनीतल्या मारिएनबोर्न इथे मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत मुलांना लाल फीत बांधलेल्या मेणबत्त्या दिल्या, त्यावरून हा प्रकार आला. इंग्लंडच्या चर्चमध्ये तो रुजला १९६८ पासून, लिंकन कॅथीड्रलच्या उपासनेनंतर. एक संत्रं, म्हणजे जग. भोवती लाल फीत. चार काड्यांवर मनुका किंवा गोळ्या. वर मेणबत्ती. संत्रं घट्ट सालीचं आणि खाली बसेल असं निवड. मऊ निघालं तर मेणबत्ती कलते आणि मेण बाहीवर गळतं. देठाच्या जागी फुलीचा छेद देऊन त्यावर फॉइलचा छोटा चौकोन ठेव आणि मग मेणबत्ती आत दाब. फॉइल मेण झेलतो आणि मेणबत्तीला पकडही देतो. काड्यांची टोकं खाण्यानं झाकलेली असलीच पाहिजेत. दिवे मालवून दीडशे मुलं पेटत्या मेणबत्त्या धरतात तेव्हा तुझी जागा वाटेत, हाताशी पाण्याची बादली आणि ओलं फडकं घेऊन. लांब केस मागे बांधायला आधीच सांग, जाकिटाच्या केसाळ टोप्या खाली करायला लाव, मेणबत्ती नेहमी मोठ्यांनी पेटवायची, आणि अगदी लहानांना चमकणारी प्लास्टिकची कांडी द्यायची. मुलं मनुका आधी खातात आणि मग ती रिकामी काडी शेजारच्या डोळ्याजवळ फिरते. मेणबत्तीपेक्षा माझं लक्ष तिकडे जास्त असतं.

मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण पाळीच्या आधी पुरं कर. प्राथमिक भाग ऑनलाइनच आहे. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. मुलानं किंवा मोठ्यानं काही त्रासाचं सांगितलं तर ऐकून घे, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस, आणि शब्द आठवतायत तोवर लिहून २४ तासांच्या आत पॅरिशच्या सुरक्षा अधिकाऱ्याला कळव. जीव धोक्यात असेल तर आधी ९९९ या तातडीच्या नंबरावर फोन. दारात पैसे मागणारे येतील. रोख देऊ नकोस. गरम चहा, सँडविच आणि खुर्ची दे, आणि फूड बँकेचा कागद तुझ्या टेबलाच्या खणात असू दे. एकटीनं बाहेर जाऊन बोलू नकोस.

माणसांबद्दल थोडं. दोन चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचे कारभारी, असतात, काठ्या घेऊन मिरवणुकीत चालतात ते. काठ्यांवरून त्यांना हसू नकोस. गटार तुंबलं, छपरावरचं शिसं चोरीला गेलं, छत गळलं की रात्री फोन त्यांनाच जातो. खिळा ठोकायचा असेल तरी आधी त्यांना विचार. जुन्या इमारतीत बरेचसे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि भिंतीवर लावलेली तुझी सुंदर स्वागताची पाटी त्यांना खाली उतरवावी लागेल. फुलं सजवणाऱ्यांच्या टेबलावरची कात्री कधीही उचलू नकोस. ऑर्गनवादकाशी उपासनेआधीच्या पाच मिनिटांत बोलू नकोस. व्हिकरला मात्र आधी बोलू दे: ते दारात हात मिळवताना मागे वीस जण उभे असतात, तिथे स्वतःची लांब गोष्ट सुरू करणाऱ्याला हळूच बाजूला घेणं हेही तुझंच काम.

तुझ्यासाठी एक. ‘मी तर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, मला इथे मत कुठलं’ असं तू म्हणालीस. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन आपलं चर्च झालं. त्यातलं एक अँग्लिकन होतं, आणि आपलं चर्च आजही इंग्लंडच्या चर्चशी सहभागितेत आहे. बाप्तिस्मा झालेला, वय सोळाच्या वर, आणि तू पॅरिशच्या हद्दीत राहतेस. एवढ्यावर चर्चच्या मतदार यादीचा अर्ज भरता येतो, सहा महिने थांबायची गरज हद्दीबाहेरच्यांना. यादी दर सहा वर्षांनी कोरी होते, शेवटची २०२५ मध्ये झाली. वार्षिक सभा ३१ मेच्या आत होते आणि तिच्याआधी यादी थोडे दिवस बंद असते, तेव्हा अर्ज आत्ताच टाक.

सगळे गेल्यावर बाकांवरून एकदा फिर. चष्मे, हातमोजे, लहान मुलाचा एक बूट, हे सगळं निघतं. पुस्तिका उलटसुलट रचू नकोस, पुढच्या पाळीवाल्याला त्या सरळ मिळू देत. टाकीचा प्लग काढलास का ते बाहेर पडायच्या आधी पुन्हा बघ. आणि पोर्चमधल्या दगडी फरशीचा गारठा वीस मिनिटांत पायांतून वर चढतो, तेव्हा लोकरी मोजे घाल, बुटांचा तळ जाड असू दे.

कळावे,
तुझी काकू